घोडेस्वारी (शब्द)

घोडेस्वारी म्हणजे घोड्यावर बसून जाणं, हे काय सांगायला नको, पण शब्द जरा उसवून बघितला की त्यात घोडा दोनदा सापडतो. 'घोडा' आला संस्कृत 'घोटक'वरून, आणि 'स्वार' हा फारसी 'सवार'. या सवारचं जुन्या फारसीतलं रूप 'असबार', त्यात 'अस' म्हणजे अश्व आणि 'बार' म्हणजे वाहिलेला, आपल्या 'भार'चा भाऊबंदच. बोलता बोलता पुढचा 'अ' गळाला आणि आतला घोडा कुणाला दिसेनासा झाला. म्हणून तर साताऱ्याच्या पेपरात 'दुचाकीस्वार जखमी' वाचताना कुणालाच काही खटकत नाही!

स्वाराला आधीचा मराठी शब्द 'राऊत', मूळ 'राजपुत्र', तो आता आडनावापुरता उरलाय. फारसी शब्द मुख्यतः दरबार आणि फौजेतनं आले. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. बारगीरची तर मजाच आहे, फारसीत तो ओझं वाहणारं जनावर आणि मराठीत वर बसलेला माणूस, आणि हाच शब्द १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर बंगालमधे गेला नि तिथं 'बर्गी' होऊन पोरांना भीती घालायच्या अंगाईत जाऊन बसला. शिवकाळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असायचा, दिमतीला पाण्याचा पखालजी आणि नालबंद. या घोडदळाचे दोन सरनौबत, म्हणजे प्रमुख, आपल्याच सातारा जिल्ह्यातले, भोसऱ्याचे प्रतापराव गुजर आणि तळबीडचे हंबीरराव मोहिते.

'स्वारी' मात्र लांब भटकली. कर्नाटकावरची स्वारी म्हणजे मोहीम, मोहरमचा पंजा निघतो तीपण सवारी, आणि 'आमची स्वारी अजून आली नाही' म्हणजे नवरा.

महाबळेश्वरला वेण्णा लेकवर किंवा पाचगणीच्या टेबललँडवर आता 'राईड'च चालतं, लिहिताना लोक 'रपेट' लिहितात. पण बसायला शिकवणारा जुना माणूस अजून 'मांड' म्हणतो, म्हणजे लगामाला लोंबकळायचं नाही, मांड्यांनी घोडा धरायचा, मांड पक्की असली की घोडा उधळला तरी माणूस खाली येत नाही. मांडीखालचं खोगीर, तेही फारसीच, त्यात चिंध्याचांध्या कोंबायचे आणि त्यावरनंच 'खोगीरभरती' आली.