उजनीचे फ्लेमिंगो सायबेरियाचे नव्हेत

उजनी धरणाच्या पाण्यावर, भिगवणला होडीत बसून कॅमेरा काढला की कुणीतरी म्हणतंच, ‘बघा, सायबेरियातून आलेत!’ फोटो व्हॉट्सॲपवर टाकला तरी खाली तेच. वर्षानुवर्षं चालत आलेली ही गोष्ट चुकीची आहे.

फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, सायबेरियात वीण करतच नाही. त्याला उथळ, खारट पाणी आणि मातीचं बुटकं, बुरुजासारखं घरटं रचायला चिखल लागतो. तो मिळतो कच्छच्या रणात. डॉ. सालिम अली 1945 साली तिथली ‘फ्लेमिंगो सिटी’, म्हणजे त्यांची विणीची वसाहत, पाहायला मुद्दाम गेले होते. पाऊस बरा झाला की तिथे वीण होते, आणि रण आटलं की पक्षी चाऱ्यासाठी पांगतात. ठाण्याची खाडी, उजनीचा फुगवटा हे त्यांचे मुक्काम.

मग सायबेरिया आला कुठून? त्याच पाण्यात शेजारी पोहणारा थापट्या बदक खरंच उत्तरेकडून, थेट तिकडूनही येतो. बहुधा त्याचा पत्ता याला चिकटला. (गुलाबी पाहुण्यापुढे बदकाकडे बघतो कोण!)

फोटो मोठा करून पाहा. थव्यात काही मळकट राखाडी पक्षी दिसतील. ते आजारी नाहीत, वेगळ्या जातीचेही नाहीत, पिल्लं आहेत. गुलाबी रंग खाण्यातून येतो, आणि तो चढायला दोन-तीन वर्षं लागतात. होडीवाल्याला मात्र आणखी जवळ घ्यायला सांगू नका. सगळ्या माना एकदम ताठ झाल्या, की थवा उडायच्या बेतात आहे.