उभ्या गाडीचे ब्रेक का बिघडतात?

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्‌स कार आज बहुधा हौसेपुरत्याच रस्त्यावर येतात, आणि त्यामुळे त्यांच्या ब्रेककडे फारसे पाहावे लागत नाही, असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांचे ब्रेक चालण्यापेक्षा उभे राहण्यानेच अधिक बिघडतात.

याचे मूळ ब्रेक ऑइलमध्ये आहे. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणूनच पेडलवरचा दाब पुढच्या डिस्कपर्यंत आणि मागच्या ड्रमपर्यंत पोहोचतो. ग्लायकॉल ईथरपासून बनलेले नेहमीचे ब्रेक ऑइल मात्र हवेतील बाष्प शोषून घेते, मग गाडी चालो वा न चालो. डॉट ४ या प्रमाणित दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले असता १५५ अंशांचीच हमी उरते. माणसांसह सुमारे १,१०० किलो भरणारी ही गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबते, तेव्हा लिटरभराहून अधिक पाण्याला उकळी आणील एवढी उष्णता ब्रेकमध्ये निर्माण होते. लांब उतारावर असे वारंवार घडले, की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, ते सहज दाबले जातात आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून किलोमीटर न मोजता साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे आणि नळ्यांतील हवा पूर्णपणे काढावी. सिलिकॉनचे डॉट ५ पाणी शोषत नाही हे खरे. पण आत शिरलेले पाणी त्यात वेगळे राहून सखल भागी साचते आणि तिथेच गंज धरते. त्यामुळे नियमित बदललेले डॉट ४ मला अधिक विश्वासार्ह वाटते.

चाकांपर्यंत ऑइल नेणाऱ्या लवचिक रबरी नळ्या, म्हणजे होज, बाहेरून धडधाकट दिसतात, पण जुने झाल्यावर आतून फुगतात. मग दाब चाकाकडे जातो, परत मात्र येत नाही, आणि चाक जखडून तापते. अशा वेळी कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा भाग) बदलण्याआधी होज तपासावा.

जुन्या लायनरमध्ये (ब्रेक शूवरील, ड्रमला घासणाऱ्या पट्टीत) श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारा ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

सुरुवातीच्या एमजीबीमध्ये चारही चाकांना एकच हायड्रॉलिक सर्किट, म्हणजे ऑइलच्या नळ्यांचे एकच जाळे, आहे. एखादी गंजलेली नळी फुटली, तर मागच्या चाकांवर केबलने चालणारा हँडब्रेक तेवढा शिल्लक राहतो. म्हणून ती केबल आणि मागचे ब्रेक शू नीट जुळवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.