‘अठराच्या आत ८० टक्के’ : कोवळ्या वयातल्या अँटी-एजिंगची पार्श्वभूमी

‘उन्हानं त्वचेचं जे नुकसान व्हायचं, त्यातलं ८० टक्के अठराव्या वर्षाआधीच होऊन गेलेलं असतं.’ सनस्क्रीनच्या जाहिरातीत, रीलमध्ये, दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यावर हे वाक्य कुठं ना कुठं भेटतंच. विशीतल्या मुलीला ‘आत्ताच सुरू कर, तिशीत उशीर होईल’ असं सांगणाऱ्यांची बरीचशी मदार याच वाक्यावर असते. वाक्य चुकीचं आहे. पण ते आलं कुठून आणि टिकलं कसं, हे पाहिल्याशिवाय अँटी-एजिंगच्या बाटल्या शाळकरी मुलींच्या कपाटात कशा पोचल्या ते कळत नाही.

१९८६ साली अमेरिकेत त्वचारोगाच्या एका नियतकालिकात एक गणिती अंदाज छापून आला. प्रश्न सुरकुत्यांचा नव्हताच. मेलॅनोमा सोडून त्वचेचे जे इतर कर्करोग असतात, त्यांचा तो हिशेब होता. जन्मापासून अठरा वर्षं नियमानं एसपीएफ १५ चं सनस्क्रीन लावलं, तर आयुष्यभरात असा कर्करोग होण्याचं प्रमाण ७८ टक्क्यांनी घटेल, असं उत्तर निघालं. कुणाला अठरा वर्षं सनस्क्रीन लावून पाहिलेलं नव्हतं. मुलं मोठ्या माणसांपेक्षा खूप जास्त ऊन अंगावर घेतात, हे त्यातलं एक गृहीतक. ते गणित मांडणाऱ्यांनी ते गणित म्हणूनच मांडलं होतं.

पुढचा प्रवास हातोहाती झाला. ७८ चे ८० झाले, कारण पूर्ण आकडा तोंडात बसतो. मग ‘कर्करोगाचा धोका इतका कमी होईल’ याचं ‘ऊन इतकं अंगावर येऊन गेलेलं असतं’ असं झालं. ही मोठी घसरण. धोका ७८ टक्क्यांनी घटणं आणि आयुष्यातलं ७८ टक्के ऊन अठरापर्यंत मिळणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर ‘ऊन’ जाऊन ‘नुकसान’ आलं, आणि शेवटी कर्करोग वाक्यातून गळून पडला नि सुरकुत्या, डाग, सैल त्वचा त्याच्या जागी येऊन बसल्या.

२००३ मध्ये अमेरिकनांच्याच आयुष्यातल्या अतिनील किरणांची मोजदाद नव्यानं झाली. अठराव्या वर्षापर्यंत सुमारे २३ टक्के, चाळिशीपर्यंत ४७, एकोणसाठपर्यंत ७४. म्हणजे ऊन आयुष्यभर जवळजवळ सारख्या हप्त्यांनी येत राहतं. बारीकसारीक वाद या आकड्यांवरही घालता येतील, पण ८० आणि २३ यांत गोंधळ होण्यासारखं काही नाही. तरी जुनं वाक्य हललं नाही. यात सगळा दोष कंपन्यांचा नाही. मुलांना टोपी घालावी, भर दुपारी पोहायला नेऊ नये, हे आईबापांच्या गळी उतरवायला डॉक्टरांनाही तो आकडा सोयीचा होता. लहानपणी त्वचा भाजून निघाली तर पुढं मेलॅनोमाचा धोका वाढतो, हे खरंच आहे. सल्ला बरोबर असला की त्याला चिकटवलेला आकडा कुणी तपासत नाही, आणि तोच आकडा मग दुसऱ्याच मालावर चिकटवता येतो.

शिवाय हा हिशेब कुठल्याही बाजूनं धरला तरी अमेरिकेतल्या माणसांचा. विदर्भात मे महिन्यात रोजगार हमीच्या कामावर उभी असलेली बाई, पंढरीच्या वाटेवर चालणारे वारकरी किंवा सकाळी समुद्रावरून परतून दिवसभर उन्हात मासळी वाळवणारी घरं यांचं ऊन त्यात कुणी मोजलेलं नाही.

लवकर सुरुवात करण्याची कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी. सुरकुत्या आणि पिकलेले केस यांना आयुर्वेदात ‘वली-पलित’ असा जोडशब्दच आहे, आणि ते दूर ठेवणारं ‘रसायन’, म्हणजे शक्तिवर्धक औषध, पहिल्या किंवा मधल्या वयात घ्यावं, म्हातारपणी नव्हे, असं सांगितलेलं आहे. पण ते पोटात घ्यायचं, शरीर शुद्ध करून घ्यायचं, आणि त्यामागं हिशेब होता बळाचा, बुद्धीचा, आयुष्याचा. चेहरा त्यात ओघानं येई. दिवाळीचं उटणं, साय-हळद, डाळीचं पीठ यांना आज ‘आजीचं अँटी-एजिंग’ म्हणतात. आजीनं ते तशासाठी कधी लावलं नव्हतं. १९१९ साली मुंबईत तयार होऊ लागलेलं आणि पुढं घराघरांत पोचलेलं ‘स्नो’ हे चेहऱ्याचं क्रीमसुद्धा तरुण राहण्यासाठी नव्हतं, ते उजळ दिसण्यासाठी होतं.

या विषयात १९७५ हे साल मोठं गमतीचं आहे. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या, तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, आणि आज त्या तिन्ही एकाच बाटलीच्या लेबलावर भेटतात.

पहिली ब्रिटनमधली. हाताच्या त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, मोजून ते प्रौढ वयात दरवर्षी साधारण एक टक्क्यानं घटतं, असं दाखवलं गेलं. ही उतरण संथ होती. पंचविसाव्या वर्षी कडा तुटावा असं त्यात काही नव्हतं. ‘पंचविशीनंतर कोलॅजन घटू लागतं, म्हणून चोविसाव्या वर्षी सुरू करा’ हे त्याचं विक्रीसाठी केलेलं भाषांतर.

दुसरी अमेरिकेतली. सोरायसिस या त्वचारोगासाठी प्रकाशाचे उपचार देताना मात्रा किती द्यायची, हे ठरवायला त्वचेचे प्रकार पाडले गेले. सुरुवातीला चार, आणि ते गोऱ्या लोकांपुरते. गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा नि सहावा प्रकार मागाहून जोडला. सनस्क्रीन घेताना ‘माझी स्किन टाइप फोर की फाइव्ह?’ असं आपण विचारतो, ते त्या पुरवणीतून.

तिसरी आपल्याकडची. गोरेपणाचं क्रीम त्याच वर्षी भारतीय बाजारात आलं. भारतात तरुण मुलींना नियमानं चेहऱ्याला काहीतरी लावायची सवय लागली ती म्हातारपणाच्या भीतीनं नाही, लग्न जमण्याच्या काळजीनं. स्थळ बघायला येणार, रंग जरा उजळायला हवा. म्हणूनच २००७ च्या सुमारास ‘वय वाढण्याच्या सात खुणा’ सांगणारी परदेशी क्रीमं इथं आली, तेव्हा त्यांना ग्राहक शोधत बसावं लागलं नाही. विशीत उजळपणाची ट्यूब वापरणारी मुलगी तिशीत अँटी-एजिंगकडं वळली, एवढंच. २०२० मध्ये त्या जुन्या क्रीमच्या नावातला गोरेपणा गेला आणि ‘ग्लो’ आला. आज उजळपणा, डाग आणि वय या तिन्हींवर एकच सिरम विकलं जातं.

मधली कडी ट्रेटिनॉइनची. व्हिटॅमिन ए पासून आलेलं हे औषध अमेरिकेत १९७१ साली मुरुमांसाठी मंजूर झालं. वापरणाऱ्या मोठ्या वयाच्या बायका डॉक्टरांना सांगू लागल्या की बारीक सुरकुत्याही विरळ झाल्यासारख्या वाटतात. ऊन खाऊन येणारं वार्धक्य वयानं येणाऱ्या वार्धक्यापेक्षा वेगळं, हा विचार ऐंशीच्या दशकात रुळला. १९८८ मध्ये ३० जणांवर १६ आठवडे केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि मुरुमांची ट्यूब औषधांच्या दुकानांतून हातोहात खपून दिसेनाशी झाली. सुरकुत्यांसाठी रीतसर मंजुरी मिळायला १९९५ साल उजाडलं. तेव्हाच्या माहितीपत्रकात काय लिहिलं होतं ते पाहण्यासारखं आहे : हे औषध सुरकुत्या काढून टाकत नाही, ते उन्हापासून जपण्याच्या जोडीनंच वापरायचं, आणि अठरा वर्षांखालच्यांत तसंच सावळ्या ते काळ्या त्वचेत ते सुरक्षित व परिणामकारक असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

औषधाला डॉक्टरची चिठ्ठी लागते. त्याची सौम्य भावंडं, म्हणजे रेटिनॉल वगैरे, प्रसाधन म्हणून मोकळी विकता येतात. त्यासाठी भाषा मात्र सांभाळावी लागते. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यानुसार शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्याचा दावा केला की ती वस्तू औषध ठरते. भारतातल्या १९४० च्या कायद्यातही औषध आणि प्रसाधन असे दोनच कप्पे आहेत; ‘कॉस्मेस्युटिकल’, म्हणजे औषधासारखं प्रसाधन, हा तिसरा कप्पा कायद्यात नाही, तो दुकानाच्या फळीवर आहे. म्हणून डब्यावर ‘सुरकुत्या कमी होतात’ न म्हणता ‘सुरकुत्या कमी दिसतात’ म्हणायचं. या ‘दिसतात’मध्ये वकिलाची फी मुरलेली असते.

‘अकाली वार्धक्य’ हा शब्दही असाच गुंत्यातला. वैद्यकात तो प्रोजेरियासारख्या दुर्मिळ जनुकीय आजारांसाठी आहे. जाहिरातीत तो उन्हानं आलेल्या डागांपासून झोप न झाल्यानं दिसणाऱ्या काळ्या वर्तुळांपर्यंत काहीही असतो. वार्धक्याचा योग्य काल कुठला धरायचा, हे सांगितलं की मग ‘अकाली’ सांगता येतं. आणि बाजारात जो काल धरला गेला तो गोऱ्या कातडीचा. आपल्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, त्यामुळं सुरकुत्या उशिरा येतात. आधी येतात ते वांग, डाग, गालावरचा असमान रंग. पंचविशीतल्या भारतीय मुलीला सुरकुत्यांचं क्रीम देणं म्हणजे ज्या दारातून चोर येतच नाही तिथं कुलूप लावणं. वांगासाठी मग शेजारणीनं सांगितलेली, स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब महिनोन्महिने चोपडली जाते, त्वचा पातळ होते, लाली येते, आणि अकाली वार्धक्य म्हणावं असं खरोखर काहीतरी दिसू लागतं. २०१८ मध्ये अशा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची झाली. किती दुकानांत ती मागितली जाते, हे ज्यानं त्यानं आपल्या गल्लीत पाहावं.

या सगळ्या पसाऱ्यात भक्कम म्हणावा असा पुरावा सनस्क्रीनचा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ५५ वर्षांखालच्या ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षं झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय वाढणं, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी दिसलं. त्यातली माणसं शाळकरी नव्हती, मोठी होती, निम्मं ऊन अंगावरून गेलेली. तरी फरक पडला. अठराच्या आत सगळं संपतं म्हणणाऱ्यांना ही चाचणी नेमकी अडचणीची. बाकीच्या सिरमांची मात्र, ती विशीत सुरू केली तर पन्नाशीत काय दिसतं, अशी तीस वर्षांची चाचणी कुणी केलेली नाही, आणि ती करायला कुणाला घाईही नाही.

अँटी-एजिंग सुरू करायचं वय खाली सरकत गेलं ते २००० नंतरच्या वीसेक वर्षांत. २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सला, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनला, अमेरिकेत मंजुरी मिळाली. मग आठी पडायच्या आधीच सुई घेण्याला ‘प्रिजुव्हिनेशन’ असं नाव मिळालं. कोरियातून दहा पायऱ्यांचं रुटीन आलं. लॉकडाऊनमध्ये मुलींनी स्वतःचा चेहरा दिवसभर झूमच्या चौकटीत पाहिला. २०२४ च्या सुमारास दहा-बारा वर्षांच्या मुली परदेशी दुकानांत रेटिनॉल मागू लागल्याच्या बातम्या आल्या. स्वीडनमधल्या एका औषधविक्री साखळीनं पंधरा वर्षांखालच्यांना अशी प्रसाधनं पालकांच्या संमतीशिवाय देणं थांबवलं. कॅलिफोर्नियात तेरा वर्षांखालच्यांसाठी विक्रीबंदीचं विधेयक आलं आणि बारगळलं. त्याच वर्षी युरोपीय संघानं चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलवर ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. तिला ‘मुलांसाठीची बंदी’ म्हणून फिरवलं जातं. कारण वेगळंच होतं, खाण्यातून आणि त्वचेतून मिळून व्हिटॅमिन ए फार होऊ नये. भारतात अशी बाटली विकताना दुकानदारानं गिऱ्हाइकाचं वय विचारावं असा नियम नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेत ७ ते १८ वर्षांच्या मुलींचे स्किनकेअरचे १०० व्हिडिओ तपासले गेले. एका रुटीनमध्ये सरासरी सहा वस्तू, महिन्याचा खर्च सरासरी १६८ डॉलर. दिवसा करायच्या रुटीनपैकी ज्यांत सनस्क्रीन होतं, ती २६ टक्के.