जुन्या संगणकासाठी विस्तार कार्डांची निवड

विस्तार कार्ड म्हणजे मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारे आणि संगणकाला मूळ बोर्डवर नसलेली सोय देणारे स्वतंत्र सर्किट. ग्राफिक्स, आवाज, नेटवर्क, वाय-फाय, यूएसबी आणि जादा डिस्क ही त्याची नेहमीची कामे. जुन्या संगणकासाठी असे कार्ड निवडताना ‘स्लॉटमध्ये बसले म्हणजे चालेल’ हा समज सर्वांत महाग पडतो. स्लॉटचा आकार ही फक्त पहिली चाळणी असते. त्यानंतर व्होल्टेज, वीजपुरवठा, बायोस (संगणक सुरू होताना आधी चालणारा, बोर्डवरच साठवलेला प्रोग्रॅम) आणि ड्रायव्हर (विंडोज-लिनक्सला कार्ड चालवायला लागणारा प्रोग्रॅम) या चाळण्या लागतात, आणि त्यांतल्या एका जरी ठिकाणी मेळ बसला नाही तरी डिस्प्ले येत नाही, कार्ड सापडत नाही किंवा मदरबोर्ड जळतो.

म्हणून सुरुवात कार्डापासून नाही, मदरबोर्डपासून करावी. बोर्डचे मॉडेल बहुधा स्लॉटांच्या मध्ये किंवा रॅमजवळ छापलेले असते. विंडोजवर सीपीयू-झेड आणि लिनक्सवर डीएमआयडीकोड हे प्रोग्रॅमही ते दाखवतात. कंपनीने जोडून विकलेल्या संगणकात बोर्डच्या नावापेक्षा कॅबिनेटवरचा मॉडेल क्रमांक उपयोगी पडतो. त्यावरून सेवापुस्तिका मिळते आणि प्रत्येक स्लॉटची खरी मर्यादा तिच्यातच लिहिलेली असते.

आयएसए

आयएसए हा यांतला सर्वांत जुना स्लॉट. १९८१ च्या आयबीएम पीसीत तो ८ बिटांचा, ६२ संपर्कांचा होता. १९८४ च्या पीसी/एटीमध्ये त्याच्यापुढे ३६ संपर्कांचा तुकडा जोडला गेला आणि तो १६ बिटांचा झाला. ८ बिटांचे कार्ड १६ बिटांच्या स्लॉटमध्ये चालते. अडचण येते ती ज्यांची खालची कड पुढे लोंबते अशा काही जुन्या कार्डांची. ती कड दुसऱ्या तुकड्यावर टेकते आणि कार्ड पूर्ण आत जात नाही.

इथली मुख्य डोकेदुखी संसाधनांच्या टकरीची आहे. प्रत्येक कार्डाला स्वतःचा पोर्ट पत्ता (प्रोसेसर ज्यावर कार्डाशी बोलतो तो क्रमांक), इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारी तार) आणि गरजेप्रमाणे डीएमए वाहिनी (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीशी देवाणघेवाण करणारी वाट) लागते, आणि हे सारे जंपरने, म्हणजे कार्डावरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने, ठरवावे लागते. पहिला सीरियल पोर्ट इंटरप्ट ४ वर, दुसरा ३ वर, फ्लॉपी ६ वर, प्रिंटर ७ वर आणि हार्ड डिस्क १४ वर असते. साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाची परिचित मांडणी पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १ अशी आहे. एनई२००० जातीची नेटवर्क कार्डे बहुतेकदा पत्ता ३०० आणि इंटरप्ट ३ वर लावलेली मिळतात, म्हणजे दुसऱ्या सीरियल पोर्टशी थेट भांडण. यावर उपाय दोन आहेत : तो पोर्ट बायोसमधून बंद करायचा, किंवा कार्ड इंटरप्ट १० वर न्यायचे. दुसरा उपाय ८ बिटांच्या कार्डाला जमत नाही, कारण १० आणि त्यापुढच्या इंटरप्टच्या तारा फक्त पुढच्या ३६ संपर्कांच्या तुकड्यात आहेत. कोणते कार्ड कोणत्या क्रमांकावर आहे हे कागदावर मांडून मगच जंपर हलवावेत. अंदाजाने केलेल्या बदलांत अख्खा दिवस जातो.

डॉसमधले खेळ चालवायचे असतील तर एक आयएसए स्लॉट साउंड कार्डासाठी राखून ठेवावा. ते खेळ थेट २२० या पत्त्याशी आणि आयएसएच्या डीएमएशी बोलतात. पीसीआय स्लॉटमध्ये त्या डीएमएच्या तारा नाहीत, त्यामुळे पीसीआय साउंड कार्डाला नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर विसंबावे लागते आणि निकाल खेळागणिक बदलतो.

पीसीआय

मायक्रोचॅनेल, ईआयएसए आणि ४८६ च्या काळातला व्हीएल-बस हे स्लॉट अल्पायुषी ठरले. त्यांची कार्डे दुसऱ्या कुठल्याही स्लॉटमध्ये चालत नाहीत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. १९९२ मध्ये इंटेलने आणलेला पीसीआय मात्र वीस वर्षे टिकला. नेहमीचा स्लॉट ३२ बिटांचा, ३३ मेगाहर्ट्झचा असून त्याची कमाल गती सेकंदाला १३३ मेगाबाइट आहे, आणि ती साधारणपणे सगळे स्लॉट मिळून वाटून घेतात. गिगाबिट नेटवर्क आणि साटा (डिस्क जोडण्याचे) कार्ड एकाच वेळी राबवले की दोन्ही मंदावतात. हा कार्डाचा दोष नव्हे.

कार्डाच्या खालच्या कडेवरची खाच त्याचे व्होल्टेज सांगते. मागच्या पत्र्याजवळ (कॅबिनेटला स्क्रूने बसणाऱ्या धातूच्या पट्टीजवळ) खाच असेल तर कार्ड ३.३ व्होल्टच्या संकेतांचे, पत्र्यापासून दूरच्या टोकाला असेल तर ५ व्होल्टचे आणि दोन्ही खाचा असतील तर दोन्हीकडे चालणारे. घरगुती संगणकांतले पीसीआय स्लॉट जवळजवळ सगळे ५ व्होल्टचे असतात. सर्व्हरमधून निघालेले ६४ बिटांचे लांब कार्ड खाचा जुळल्यास ३२ बिटांच्या स्लॉटमध्येही चालते. त्याची शेपटी स्लॉटबाहेर मोकळी राहते, म्हणून मागे एखादा कपॅसिटर उभा नाही ना, ते पाहून घ्यावे.

खाच जुळूनही कार्ड मृत दिसण्यामागे एक कारण वारंवार आढळते. संकेतांचे व्होल्टेज आणि स्लॉटमधून मिळणारी ३.३ व्होल्टची वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एटी या जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) ३.३ व्होल्ट निघतच नाहीत, आणि १९९८ च्या पीसीआय २.२ मानकाआधीच्या अनेक बोर्डांनी ते स्लॉटपर्यंत पोहोचवलेले नाहीत. नंतरची यूएसबी २.० आणि वाय-फाय कार्डे मात्र ते गृहीत धरतात. पेंटियमच्या काळातल्या बोर्डसाठी ५ व्होल्टवरून स्वतः ३.३ व्होल्ट तयार करणारे कार्ड शोधावे. त्याच्यावर तीन पायांचा छोटा रेग्युलेटर दिसतो.

एजीपी

ग्राफिक्ससाठीच काढलेला हा स्लॉट १९९७ पासून बोर्डांवर दिसू लागला. त्याच्या वेगाच्या पायऱ्यांपैकी १एक्स आणि २एक्सचे संकेत ३.३ व्होल्टचे, ४एक्सचे १.५ व्होल्टचे आणि २००२ च्या ८एक्सचे ०.८ व्होल्टचे. ३.३ व्होल्टच्या कार्डाची खाच पत्र्याच्या बाजूला, १.५ व्होल्टच्या कार्डाची दूरच्या बाजूला असते. इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा (बोर्डवरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या मुख्य चिपांच्या संचाचा) बोर्ड फक्त ३.३ व्होल्टचा, तर ८४५ आणि ८५० चिपसेटचे बोर्ड फक्त १.५ व्होल्टचे आहेत.

खाचांची ही रचना चुकीचे कार्ड आत जाऊच नये म्हणून केलेली आहे. तरीही बाजारात अशी कार्डे आली ज्यांना खाचा दोन होत्या, पण चिप ३.३ व्होल्टचीच होती. ती ८४५ च्या बोर्डवर लावली की चिपसेट जळू शकतो आणि तो दुरुस्त होत नाही. त्यामुळे १९९९–२००० च्या आसपासच्या कार्डाबाबत खाच न पाहता चिपचे नाव वाचावे. त्या चिपला ४एक्स येत नसेल तर १.५ व्होल्टच्या बोर्डपासून ते कार्ड लांब ठेवावे.

पीसीआय एक्सप्रेस

इथे नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये आणि जुने कार्ड नव्या स्लॉटमध्ये चालणे अपेक्षित आहे, आणि बहुतेक वेळा तसे घडते. दर लेनची (स्लॉटमधल्या माहिती वाहणाऱ्या एका वाटेची) गती पहिल्या पिढीत सेकंदाला २५० मेगाबाइट, दुसरीत ५०० आणि तिसरीत सुमारे ९८५. लांब स्लॉट म्हणजे १६ लेनच असे नाही. बोर्डवरच्या दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये पुष्कळदा चारच लेन जोडलेल्या असतात, आणि विजेरीच्या उजेडात आत पाहिले तर पुढचा भाग पिनांविना रिकामा दिसतो.

लेनचा हिशेब खरेदीआधी करावा. यूएसबी ३.० कार्ड पहिल्या पिढीच्या एका लेनवर लावले तर बाह्य एसएसडी २५० च्या वर जाणारच नाही. रेडिऑन आरएक्स ६४०० हे २०२२ चे कार्ड कमी विजेचे म्हणून जुन्या संगणकासाठी आकर्षक वाटते, पण त्याला चारच लेन आहेत. चौथ्या पिढीच्या वेगावर त्या पुरतात, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर खेळांत ते लक्षणीय मागे पडते. इंटेल आर्क या ग्राफिक्स कार्डांना बायोसमध्ये रिसायझेबल बारची (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय लागते. ती नसलेल्या बोर्डवर ही कार्डे घेऊ नयेत.

वाय-फायमध्ये नावातला एक आकडा घात करतो. इंटेल एएक्स२०० आणि एएक्स२१० ही पूर्ण कार्डे असून एम.२ (छोट्या कार्डांच्या स्लॉटच्या) अडॅप्टरवर बसवून जुन्या डेस्कटॉपमध्ये चालतात. एएक्स२०१ दिसायला तसेच, पण त्याचे अर्धे काम इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये होते. जुन्या बोर्डला ते कार्ड दिसतसुद्धा नाही. ब्लूटूथ यूएसबीवरून चालते, म्हणून अडॅप्टरची ९ पिनांची वायर बोर्डवरच्या यूएसबी जोडणीला लावावी लागते. ‘वाय-फाय चालते, ब्लूटूथ नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा ही न लावलेली वायर असते.

सर्व्हरमधून काढलेली डिस्क कंट्रोलर कार्डे स्वस्तात मिळतात. ती लावल्यावर काही डेस्कटॉप सुरूच होत नाहीत किंवा रॅम चुकीची दाखवतात, कारण कार्डाच्या एसएमबसची (किरकोळ नियंत्रण-संदेश वाहणाऱ्या तारांची) बोर्डच्या एसएमबसशी टक्कर होते. कार्डाच्या बी बाजूचे (चिपा असलेल्या बाजूचे) ५ आणि ६ क्रमांकाचे संपर्क कॅप्टॉन टेपने (वीज न वाहणाऱ्या पातळ टेपने) झाकले की बहुतेकदा प्रश्न सुटतो.

बायोस आणि बूट

ग्राफिक्स कार्डावर स्वतःचा छोटा बायोस असतो. साधारण २०१२ नंतरच्या कार्डांवर त्यात यूईएफआयचा (बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचा) भाग आला. दीर्घकाळ जुना भागही सोबत राहिला, म्हणून नवी कार्डे जुन्या बायोसवर डिस्प्ले देत राहिली. ज्या कार्डावर जुना भाग नाही ते जुन्या बोर्डवर अंधारच दाखवते. उलट दिशेनेही तसेच आहे : २०१० चे कार्ड लावायचे तर नव्या बोर्डमधला सीएसएम (जुनी बायोस पद्धत चालू ठेवणारा) पर्याय चालू हवा. पीसीआय एक्सप्रेस १.०ए च्या काही बोर्डांवर २.१ ची कार्डे बायोस अद्ययावत केल्याशिवाय उठत नाहीत.

एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी) एसएसडी अडॅप्टरवर बसवली तर डेटासाठी ती लगेच वापरता येते, पण त्या ड्राइव्हवरून बूट होणे (संगणक सुरू होणे) बायोसच्या हाती आहे. इंटेलच्या बोर्डांत २०१४ च्या ९-मालिकेपासून ही सोय दिसू लागली. त्याआधीच्या बोर्डवर क्लोव्हरसारखा बूटलोडर पेन ड्राइव्हवर ठेवून काम भागवतात. सॅमसंग ९५० प्रो हा अपवाद, त्याच्यावर जुन्या पद्धतीचा बूट रॉम आहे. फार जुन्या बोर्डवर १३७ गिगाबाइटची डिस्कमर्यादा असेल तर स्वतःचा बायोस असलेले साटा कार्ड ती ओलांडून देते, मात्र विंडोज एक्सपीवर किमान सर्व्हिस पॅक १ हवा.

वीज, उंची, पत्रा

१६ लेनच्या स्लॉटमधून मानकाप्रमाणे ७५ वॅट मिळतात, ६ पिनांच्या वायरीतून आणखी ७५ आणि ८ पिनांच्या वायरीतून १५०. पण मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणारे, कंपन्यांतून निघालेले अरुंद ऑफिस संगणक घेताना या आकड्यावर विसंबू नये. त्यांतल्या काहींच्या सेवापुस्तिकेत त्याच स्लॉटला २५ किंवा ३५ वॅटची मर्यादा आहे. तिथे ३० वॅटचे जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड निश्चिंतपणे चालते. ७५ वॅटचे जीटीएक्स १६५० लावले की जड कामात संगणक अचानक बंद पडतो. अरुंद कॅबिनेटला सुमारे ६४ मिलिमीटर उंचीचे कार्ड आणि आखूड पत्रा हवा. पूर्ण उंचीचे कार्ड साधारण १०७ मिलिमीटर असते. आखूड पत्रा खोक्यात आहे का, हे दुकानातच पाहावे, नंतर तो सुटा मिळणे कठीण जाते.

जुन्या एसएमपीएसचा जोर ५ व्होल्टवर आणि नव्यांचा १२ व्होल्टवर असतो, म्हणून लेबलवरचे एकूण वॅट न वाचता १२ व्होल्टचे अँपिअर वाचावेत. आयएसए संगणकाला नवा एसएमपीएस लावताना उणे ५ व्होल्टची तार नसते. काही जुनी साउंड कार्डे तिच्याविना मुकी राहतात.

वापरलेले कार्ड घेताना

खोक्यावरचे नाव न वाचता चिपवरचा क्रमांक वाचावा. एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिपांची कार्डे विकली गेली आहेत आणि ड्रायव्हर चिपचा लागतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी दिसतो : ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी-एटीआय, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. आपल्या विंडोजचा ड्रायव्हर त्या आयडीसाठी खरोखर आहे, हे पैसे देण्याआधी तपासावे. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नाही, विंडोज ८ पासून तो आहे.

फुगलेले कपॅसिटर असलेले कार्ड परत करावे. कोकणासारख्या दमट हवेत पडून राहिलेल्या कार्डाचे संपर्क काळवंडतात. ते मऊ खोडरबराने हलकेच पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावेत. पॉलिश पेपर वापरू नये, सोन्याचा थर फार पातळ असतो. बसवण्याआधी वीजजोडणीची पिन काढून पॉवर बटण दाबावे, म्हणजे उरलेला भार उतरतो. पहिल्यांदा बाकीची कार्डे काढून नवे एकटेच लावावे. डिस्प्ले आला नाही तर एकदा स्लॉट बदलून आणि एकदा बायोस मूळ स्थितीत आणून पाहावे. स्क्रू आवळताना कार्डाचे मागचे टोक स्लॉटमधून वर उचलले जात नाही ना, याकडे लक्ष असू द्यावे. वाकलेल्या पत्र्यामुळे हे घडते, आणि चांगले कार्ड खराब ठरवून परत केले जाते.