पावसातला लाल दिवा: फॉर्म्युला वनच्या रेन लाइटची पार्श्वभूमी

फॉर्म्युला वनच्या गाडीला हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही आणि ब्रेक लाइटसुद्धा नाही. हे शेवटचं बऱ्याच जणांना खरं वाटत नाही, कारण पाऊस सुरू झाला की टीव्हीवर प्रत्येक गाडीच्या मागे लाल दिवा लुकलुकताना दिसतो आणि आपण धरून चालतो की तो ब्रेकचा. तसं नाहीये. तो दिवा एवढंच सांगतो की इथे एक गाडी आहे. ती किती लांब आहे, किती वेगात आहे, पुढच्याने अॅक्सिलरेटरवरचा पाय काढलाय का, यातलं तो मुळात काहीच सांगत नव्हता, आणि माझ्या मते त्याच्या पन्नास वर्षांच्या इतिहासातला सगळा गुंता इथेच आहे.

आधी पाण्याचं बघू. जुलैमध्ये एक्सप्रेसवेवर वेगात जाणाऱ्या ट्रकच्या मागे गाडी चालवलेल्यांना माहितीये, वरून पडणाऱ्या पावसापेक्षा चाकांनी उडवलेलं पाणी जास्त आंधळं करतं. रेसिंग कारमध्ये हेच कितीतरी पटीने होतं. टायर पुरवणारी पिरेली कंपनी आपल्या जोरदार पावसासाठीच्या फुल वेट टायरबद्दल सांगते की ताशी ३०० किमीला एक टायर सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी बाजूला सारतो. म्हणजे चार टायर धरले तर ३४० लिटर, आणि तेही फक्त एका गाडीचं! त्यात मागचा विंग (आडवा पंख) आणि डिफ्यूजर (तळाचा मागे वर चढणारा भाग) हवा वर फेकतात, तिच्यासोबत हे पाणी बारीक होऊन उंच उडतं आणि तिथेच लटकून राहतं, यालाच स्प्रे म्हणतात. मागच्या ड्रायव्हरला समोर फक्त पांढरी भिंत दिसते.

पूर्वी हे इतकं वाईट नव्हतं कारण टायर अरुंद होते आणि विंग नव्हते, १९६० च्या दशकाच्या शेवटी दोन्ही बदललं. १९६८ ची न्युर्बर्गरिंगची जर्मन ग्रांप्री पाऊस आणि धुक्यात झाली, जॅकी स्टुअर्ट मनगटाला दुखापत असताना चार मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला. त्या शर्यतीचं कौतुक नेहमी होतं आणि व्हायलाच पाहिजे, पण तेव्हा मागे दिवा लावायची सक्तीसुद्धा नव्हती हे कुणी सांगत नाही.

ती सक्ती आली १९७२ मध्ये. त्या वर्षीच्या सुरक्षा नियमांमध्ये पेट्रोलच्या टाकीतला फोम, हेडरेस्ट वगैरेंच्या बरोबरीने मागे १५ वॅटचा लाल दिवा आला. १५ वॅट! आपल्या साध्या कारच्या ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा असतो, म्हणजे त्याहूनही मिणमिणता. पुढे ८० च्या दशकात तो २१ वॅटचा केला, पण होता तो तारेचाच बल्ब, आणि रेसिंग कारच्या थरथराटात तार टिकणं हीच एक काळजी.

लाल रंग धुक्यातून जास्त आरपार जातो असं सर्रास सांगितलं जातं. स्वच्छ हवेत लाल प्रकाश कमी विखुरतो हे खरं, पण धुक्याचे आणि स्प्रेचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, तिथे सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. लाल निवडला कारण मागचा दिवा लालच असतो ही सगळ्यांच्या डोळ्यांना लागलेली सवय. त्यामुळे स्प्रेमधून दिसायचं असेल तर रंग फारसा कामाचा नाही, दिवा प्रखरच हवा.

७ ऑगस्ट १९८२, जर्मनीतला हॉकेनहाइमचा ट्रॅक, शनिवारचा सराव आणि जोरदार पाऊस. फेरारीचा दिदिए पिरोनी चॅम्पियनशिपमध्ये पहिला होता. पुढे डेरेक डॅलीची विल्यम्स बाजूला सरकली, पिरोनीला वाटलं आपल्याला वाट देतोय, पण डॅली पुढच्या अॅलन प्रोस्टच्या रेनोला ओलांडत होता आणि ती रेनो स्प्रेमध्ये पूर्ण झाकलेली होती. पिरोनी मागून तिच्यावर आदळून हवेत उडाला. दोन्ही पायांचा चुराडा झाला आणि तो परत कधीच फॉर्म्युला वनमध्ये उतरला नाही. त्याचे ३९ गुण तसेच राहिले, केके रोसबर्ग ४४ गुणांवर विजेता झाला. दिव्याची सक्ती होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

प्रोस्टच्या मनावर याचा खोल परिणाम झाला. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात अॅडलेडला धो धो पावसात शर्यत सुरू केली तेव्हा तो एक लॅप मारून सरळ थांबला. लोकांनी त्याला भित्रा म्हटलं, मला ते कधीच पटलं नाही. त्याच शर्यतीत आयर्टन सेना, म्हणजे पावसातला आजवरचा सगळ्यात भारी ड्रायव्हर, मार्टिन ब्रंडलच्या ब्रॅबमवर मागून आदळला. ब्रंडलच्या गाडीवर मागे तोंड करून कॅमेरा होता म्हणून ते फुटेज आहे, पांढऱ्या धुरळ्यातून अचानक सेनाची मॅकलारेन बाहेर येते आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. नेल्सन पिकेसुद्धा तिथे असाच गिनझानीच्या गाडीवर आदळला.

मग १९९८ चं बेल्जियममधलं स्पा. हे उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मायकेल शूमाकर भल्या मोठ्या आघाडीवर होता आणि मॅकलारेनच्या डेव्हिड कूल्टहार्डला लॅप करायला, म्हणजे पूर्ण एक फेरी मागे टाकायला आला. कूल्टहार्डने त्याला पुढे जाऊ द्यावं म्हणून वेग कमी केला, पण रेसिंग लाइन, म्हणजे ट्रॅकवरचा सगळ्यात वेगवान मार्ग, सोडली नाही. शूमाकर आदळला, पुढचं उजवं चाक तुटलं, तीन चाकांवर पिटमध्ये (संघांच्या गॅरेजपाशी) आला आणि हेल्मेट काढून थेट मॅकलारेनच्या गॅरेजवर चालून गेला. काही वर्षांनी कूल्टहार्डने तसं करणं चूक होतं हे मान्य केलं. आता बघा, दिवा असला तरी पुढचा अचानक हळू झालाय ही बातमी मागच्याला मिळायची कशी? नंतर त्याच शर्यतीत फिसिकेला नाकानोच्या मिनार्डीवर तसाच मागून आदळला.

एलईडी आल्यावर बराच फरक पडला. बल्बला पूर्ण उजळायला काही क्षण लागतात, एलईडी लगेच लागतो, थरथराटाने तुटत नाही आणि जोरात लुकलुकवता येतो. पावसाचे इंटरमीडिएट किंवा वेट टायर लावले की दिवा चालू हवाच असा नियम आहे, आणि दिवा बंद पडला तर त्या ड्रायव्हरला थांबवायचं का हे रेस डायरेक्टर ठरवतो.

हायब्रिड गाड्या आल्या तेव्हा दिव्याला पहिल्यांदा वेगाबद्दल काहीतरी बोलता आलं. सरळ रस्त्याच्या शेवटी गाडी बॅटरीत ऊर्जा भरायला लागली की ड्रायव्हरचा पाय दाबलेला असतानाही ती हळू होते, आणि तेव्हा दिवा लुकलुकतो, कोरड्यातसुद्धा. २०१९ पासून मागच्या विंगच्या दोन्ही बाजूंच्या प्लेटवर उभे एलईडी आले, त्यामुळे एका ठिपक्याऐवजी गाडीची रुंदी कळते, आणि रुंदी दिसली की अंतराचाही थोडा अंदाज येतो.

पण तोवरचे सगळे दिवे मागे बघणारे. १ जुलै २०२३ ला स्पामध्येच फॉर्म्युला रीजनल या खालच्या पातळीच्या शर्यतीत १८ वर्षांचा डिलानो व्हॅन ट हॉफ गेला. गाडी गिरकी घेऊन ट्रॅकवर थांबली आणि स्प्रेमधून येणाऱ्या गाडीने तिला धडक दिली. आडव्या उभ्या गाडीचा मागचा दिवा येणाऱ्याला दिसणार कसा?

त्याच महिन्यात सिल्व्हरस्टोनला आणि २०२४ मध्ये फिओरानोला चाकांवर मडगार्डसारखी आवरणं लावून चाचण्या झाल्या, हवा तेवढा फरक पडला नाही, कारण बरंचसं पाणी गाडीच्या तळातून डिफ्यूजरवाटे उडतं. २०२६ च्या नियमांत विंगवरचे दिवे आणखी प्रखर केलेत आणि गाडीच्या बाजूलाही दिवे आलेत. ते मुख्यतः थांबलेल्या गाडीची विजेची यंत्रणा सुरक्षित आहे का हे मार्शलना (ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना) कळावं म्हणून आहेत, पण तेच दिवे आडव्या गाडीची सूचना द्यायलाही वापरता यावेत आणि खालच्या फॉर्म्युल्यांमध्येही लवकर यावेत, कारण तिथे सोळा-अठरा वर्षांची पोरं तसल्याच पांढऱ्या भिंतीत गाड्या घालतायत.