ओळख न दाखवण्याची नोकरी

‘बाजारात भेटलात तर मी ओळख दाखवणार नाही. राग मानू नका.’

कोकणातल्या एका जिल्ह्यात वीसेक वर्षं एचआयव्ही समुपदेशक म्हणून काम केलेल्या ताई प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच भेटीत हे सांगत. नुकत्याच त्या निवृत्त झाल्या. नाव छापू नका म्हणाल्या, कारण त्यांचं नाव आलं की त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर कोण कोण बसलेलं दिसायचं ते लोक आठवू लागतील. ही खबरदारी कुठून आली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

भारतातली पहिली लागण १९८६ मध्ये चेन्नईत उजेडात आली. ती शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, म्हणजे आडनावाने आपल्याकडच्याच. त्यानंतर तीनच वर्षांत, १९८९ साली, गोव्यात डॉमिनिक डिसोझा या रक्तदान करणाऱ्या तरुणाला पोलिसांनी उचललं. त्याने दिलेल्या रक्तात विषाणू सापडला होता, एवढाच गुन्हा. म्हापशात क्षयरोग्यांसाठीच्या जुन्या इमारतीत त्याला ६४ दिवस डांबलं. गोव्याचा तेव्हाचा सार्वजनिक आरोग्य कायदाच तसा होता. आईनं उच्च न्यायालयात धाव घेतली, पण न्यायालयानं तो कायदा वैधच ठरवला. १९९२ मध्ये डॉमिनिक गेला. त्याच वर्षी त्याच्या पुढाकाराने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी राहिली. रक्त तपासलं की पोलीस येतात, ही धास्ती गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून अलीकडे यायला कितीसा वेळ लागणार?

आमच्या वाड्यांत याला ‘मुंबईचा आजार’ म्हणत. चाकरमानी मुंबईत दहा-बाराजणांच्या खोलीत, बायको गावी, भेट गणपतीत आणि शिमग्यात. घरं अशी विभागून ठेवणारी व्यवस्था दीडशे वर्षांची. दोष मात्र एकेकट्या माणसाच्या माथी. नवरा खंगून गावी परतायचा, क्षयाने जायचा, आणि नंतर तपासणीत पॉझिटिव्ह निघालेली बायको पांढऱ्या पायाची ठरायची. तिचं अंथरूण पडवीत, ताटवाटी वेगळी.

१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, ‘नॅको’, स्थापन झाली. सरकारी रुग्णालयांत चाचणी आणि समुपदेशनाची केंद्रं पसरली ती त्यानंतरच्या दशकात. ताई याच लाटेत रुजू झाल्या, कंत्राटी म्हणून, आणि शेवटपर्यंत कंत्राटीच राहिल्या. सुरुवातीला त्यांच्या हातात देण्यासारखं काहीच नव्हतं. ‘ताई, माझे दिस किती रवले?’ या प्रश्नाला त्या उत्तर देत नसत. खुर्ची जवळ ओढून घेत आणि मुलं कितवीत आहेत ते विचारत.

विषाणूला रोखून धरणारे औषधांचे एकत्रित उपचार जगात १९९६ पासून होते, पण त्यांची किंमत कोकणातल्या माणसाने नुसती ऐकायची. २००१ मध्ये ‘सिप्ला’ या औषध कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला. १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सुरू झाली ती देशभरात मिळून आठ सरकारी रुग्णालयांत. त्यांतलं एक मुंबईचं जे. जे. रुग्णालय. रात्रीची एसटी, सकाळी रांग, संध्याकाळी परत. जिल्ह्यातच गोळ्या मिळू लागल्या त्या पुढे काही वर्षांनी.

त्या गोळ्यांनी माणसं वाचवली, आणि उघडीही पाडली. स्टॅव्ह्युडिन हे सुरुवातीचं स्वस्त औषध गालांवरची चरबी झडवायचं. शहरात कोण बघतो? वाडीत बसलेले गाल दहा घरांत चर्चेला. नंतर रात्री एकच गोळी आली, पण तिच्यातल्या एफाविरेंझने डोकं गरगरायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची. ट्रॉलरवरच्या खलाशाला ते परवडणारं नव्हतं. मग जाळी कधी टाकता, झोप कधी मिळते, हे विचारून ताई गोळीची वेळ बसवून द्यायच्या. बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून देणं, गोळ्या च्यवनप्राशच्या डब्यात भरून ठेवायला सुचवणं, हेही त्यांचंच. कुठल्याही प्रशिक्षणात ते शिकवत नसावेत.

एक बाई आपल्या तालुक्याचं केंद्र सोडून दोन गाड्या बदलत ताईंकडे यायची. ओळखीचं कुणी भेटलंच तर दाखवायला पिशवीत डोळ्याच्या डॉक्टरचा जुना कागद. ताईंनी तिला कधी जवळच्या केंद्रात जा म्हटलं नाही.

२०१७ पासून रोगाशी लढणाऱ्या सीडी४ पेशी किती उरल्यात हे न बघता निदान होताच उपचार सुरू होतात. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीशिवाय चाचणीला आणि माहिती फोडण्याला मनाई केली. ताई जे अंदाजाने पाळत होत्या ते आता कलमांत आलं. रोज गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही, हेही आता ठाम सांगता येतं. हे सांगताना स्वतःचाच आवाज भरून यायचा, असं ताई म्हणतात.

२०२० च्या टाळेबंदीत गावी अडकलेले चाकरमानी गोळ्या संपल्या म्हणून दारात आले. जवळच्या कुठल्याही केंद्रातून त्या द्यायला नॅकोने परवानगी दिली होती. पण अर्धेअधिक दिवस गेले ते ‘घरी काय सांगून बाहेर पडायचं’ यातच.

सुरुवातीच्या त्या माणसांपैकी आज कोणी आहे का, मी विचारलं.

‘आहेत,’ ताई म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.