हिंसक चित्रपट आणि आपला प्रेक्षक : वादाची पार्श्वभूमी

२०२५च्या जानेवारीत ‘छावा’चा ट्रेलर आला आणि महाराष्ट्रात वाद पेटला तो लेझमीवरून. छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवलेले अनेकांना सहन झाले नाहीत. दिग्दर्शकाने तो प्रसंग काढून टाकला आणि १४ फेब्रुवारीला चित्रपट लागला. शेवटच्या भागात महाराजांचे जे हाल दाखवले आहेत, उपटलेली नखं, जखमांवर मीठ, डोळ्यांत घातलेल्या तापल्या सळया, त्यावरून मात्र तसा गदारोळ झाला नाही.

चित्रपट लागल्यावर थिएटरांतले व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागले. हुंदके देणारी लहान मुलं, खेळ संपल्यावर उभं राहून गारद म्हणणारे प्रेक्षक. भरूचमध्ये एकाने पडदाच फाडला. बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात मुघलांचं सोनं पुरलेलं आहे असं समजून लोक रात्री शेतं खणायला गेले. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. त्यावर विधिमंडळात निवेदन करताना सरकारने चित्रपटाला दोष दिला नाही, पण त्यामुळे औरंगजेबाविषयीच्या भावना जाग्या झाल्या, हे बोलून दाखवलं. एकाच चित्रपटाला एकाच महिन्यात इतक्या तऱ्हांनी प्रतिसाद मिळाला, आणि त्यातला एकही आधी कुणाला सांगता आला नसता.

हिंसक चित्रपट पाहून प्रेक्षकाचं काय होतं, या प्रश्नावर आपल्याकडे शंभर वर्षं वाद चालू आहे. त्यात प्रेक्षकाच्या वतीने बोलणारे पुष्कळ झाले. प्रेक्षकाला विचारणारे फार थोडे. इंग्रजांनी १९१८चा कायदा केला, १९२०पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर बोर्डं बसवली. १९२७-२८ साली एक चौकशी समिती देशभर फिरली, तिने प्रश्नावल्या पाठवल्या, शेकडो साक्षी घेतल्या. स्वातंत्र्यानंतर १९५२चा कायदा आला. १९७०मध्ये, मुंबईच्या लालबत्ती वस्तीची दृश्यं असलेल्या एका माहितीपटाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटावर आधीच बंधन घालणं घटनेत बसतं असं ठरवलं. कारण दिलं ते हेच, की इतर कुठल्याही कलेपेक्षा चित्रपट माणसाला जास्त हलवतो.

१९७५च्या ‘शोले’चा शेवट बदलला गेला हे सगळ्यांना माहीत आहे. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या त्या दिवसांत, माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे बोर्डाला चाललं नाही. मग ऐनवेळी पोलीस येतात. बोर्डाची काळजी ठाकूरबद्दल होती, लोक मात्र गब्बरच्या प्रेमात पडले. संवादांच्या रेकॉर्डी लग्नाच्या मांडवात आणि गणपतीत वाजल्या. ज्याने पोराला गोळी घातली आणि एका माणसाचे हात तोडले, त्याच्या तोंडून पुढे लहान मुलांची बिस्किटं विकली गेली. बोर्डाने ज्या हिंसेला धोकादायक मानलं ती एक, आणि प्रेक्षकाने घरी नेली ती दुसरीच. मूळ शेवट पुढे व्हिडिओवर फिरत राहिला आणि २०२५मध्ये नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीतून मोठ्या पडद्यावर आला.

१९८०चं साल वेगळ्या कारणाने महत्त्वाचं आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात १९७८ साली पोलीस सुटले होते. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं होतं, मुंबई-पुण्यात बायका रस्त्यावर आल्या होत्या. त्याच गरम हवेत बलात्काराच्या खटल्यावरचा एक मोठा हिंदी चित्रपट आला आणि धो धो चालला. कथा न्यायाच्या बाजूची होती, पण बलात्काराचे प्रसंग ज्या पद्धतीने चित्रित केले होते त्यावर स्त्री संघटनांचा राग होता. अत्याचार दाखवणं आणि अत्याचाराचा देखावा मांडणं यांत फरक कसा करायचा, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

१९८८मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’ चालू असताना मुंबईत याचिका दाखल झाली. फाळणीच्या दंगली घराघरांत दाखवल्या तर पुन्हा दंगली होतील, असं म्हणणं होतं. एका न्यायमूर्तींनी मनाई केली. मग उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सगळी मालिका बसून पाहिली आणि मनाई उठवली. न शिकलेला माणूस अकलेने कमी नसतो, भडकवणारे कोण हे पडद्यावर घडताना पाहिलं की त्याला कळतं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा तिथे नागपूरच्या जुन्या उच्च न्यायालयाचा १९४६चा दाखला निघाला. छापील मजकुराच्या एका खटल्यात नागपूरने म्हटलं होतं, की शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मनावरून; कमकुवत मनाच्या किंवा जिथे तिथे धोका हुंगणाऱ्या माणसावरून नाही. हिंसक चित्रपटाच्या खटल्यांत पुढे ज्या सामान्य, शहाण्या प्रेक्षकाचा हवाला दिला गेला, त्याच्यामागे हे नागपूरचं वाक्य आहे.

आता ‘बँडिट क्वीन’, डाकू म्हणून गाजलेल्या फूलनदेवीच्या आयुष्यावरचा चित्रपट. या एका प्रकरणाला मी जास्त जागा देतो आहे, कारण हिंसक दृश्याकडे किती बाजूंनी पाहिलं जातं हे इतकं उघडपणे दुसऱ्या कुठल्या खटल्यात आलेलं नाही.

प्रसंग हा: गावात फूलनला विवस्त्र करतात, हातात भांडं देतात आणि विहिरीवर पाणी आणायला पाठवतात. भोवती गावातले पुरुष उभे आहेत. कॅमेरा लांब आहे. कुणी मध्ये पडत नाही.

चित्रपट मे १९९४मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. फूलनदेवी त्याच वर्षी फेब्रुवारीत, खटला न चालता अकरा वर्षं तुरुंगात काढून बाहेर आली होती. तिने तुरुंगातून सांगून लिहवून घेतलेल्या मजकुरावर एक पुस्तक निघालं होतं, त्यावर चित्रपट बेतला होता. जिवंत बाईवरचा बलात्कार तिच्या संमतीशिवाय पडद्यावर पुन्हा घडवायचा अधिकार कुणाला आहे, असा सवाल एका लेखिकेने तेव्हाच केला. चित्रपट फूलनला दाखवलासुद्धा नव्हता, हेही त्या लेखिकेने लिहिलं. फूलन स्वतः दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली, तिथून प्रदर्शनाला मनाई मिळाली, आणि पुढे न्यायालयाबाहेर तडजोड झाली.

दुसऱ्या बाजूला प्रमाणपत्राचं भिजत घोंगडं होतं. बोर्डाला बरीच काटछाट हवी होती. निर्माते अपील न्यायाधिकरणाकडे गेले. न्यायाधिकरणाचे अध्यक्ष म्हणजे ‘तमस’ पाहून मनाई उठवणाऱ्या दोघांपैकी एक, मुंबईचे निवृत्त न्यायमूर्ती. बरोबरच्या तिन्ही सदस्य स्त्रिया. १९९५मध्ये त्यांनी काही कापाकापी करून ‘अ’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं, आणि विहिरीचा प्रसंग राहू दिला. जानेवारी १९९६मध्ये चित्रपट देशभर लागला.

काही दिवसांत याचिका आली ती एका पुरुषाची. चित्रपटातल्या एका बलात्कारी डाकूची जात आणि आपली जात एक, त्यामुळे आपल्या समाजाची बदनामी झाली, असं त्याचं म्हणणं. उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र रद्द केलं, अपिलात खंडपीठानेही तेच कायम केलं. नग्नता असभ्य आणि हिंसा किळसवाणी ठरली.

१ मे १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सामाजिक दुष्टपणाचे परिणाम दाखवायचे तर तो दुष्टपणा दाखवावाच लागतो, असं न्यायालयाने म्हटलं. विहिरीचा प्रसंग वासना चाळवायला नाही. तो पाहून बाईबद्दल कणव आणि करणाऱ्यांबद्दल घृणा यावी म्हणून आहे. नाझी छळछावण्यांवरच्या एका प्रसिद्ध चित्रपटात नग्न स्त्री-पुरुषांच्या रांगा दाखवल्या आहेत, त्याचं उदाहरण निकालात आहे: ते पाहून रडू येईल, लाज वाटेल; विकृताला काही वेगळं वाटलं तर विकृतासाठी आम्ही सेन्सॉर करत नाही, आणि अतिसंवेदनशील माणसाचं मन राखायलाही नाही. न्यायाधिकरणावर तीन स्त्रिया होत्या आणि स्त्रियांची अप्रतिष्ठा करणारा चित्रपट त्यांनी जाऊ दिला नसता, हाही मुद्दा न्यायालयाने मांडला.

निकाल बरोबर होता असं माझं मत आहे. उच्च न्यायालयाचा निकाल फिरला नसता तर पुढची वीस वर्षं कुणीही उठून जातीच्या नावाने चित्रपट पाडला असता. तसे प्रयत्न झालेच, पण निदान कायदा त्यांच्या बाजूला राहिला नाही. तरीही या निकालात एक मोठी रिकामी जागा आहे. कणव येईल, घृणा येईल, हे न्यायालयाने प्रेक्षकाच्या वतीने सांगितलं. बाहेर काय चाललं होतं? काही शहरांत फक्त बायकांसाठी वेगळे खेळ लावले गेले. पुरुषांनी भरलेल्या थिएटरात बसून, आजूबाजूच्या शेऱ्यांत आणि शिट्ट्यांत तो प्रसंग पाहण्याची धास्ती बायकांना होती, म्हणूनच अशा खेळांची गरज पडली. म्हणजे दृश्य तेच, पण शेजारी कोण बसलं आहे यावर त्याचा अर्थ बदलत होता. कायद्यातला समंजस प्रेक्षक एकटा असतो. खरा प्रेक्षक पाचशे जणांत बसतो, आणि कुणी आधी हसलं तर हसतो, कुणी गप्प झालं तर गप्प होतो.

आणि फूलन? उच्च न्यायालयाला तिच्यात अश्लीलता दिसली, याचिकाकर्त्याला आपली जात, सर्वोच्च न्यायालयाला करुण कहाणी. तिने स्वतः ते दृश्य कसं पाहिलं असेल, हा प्रश्न तडजोडीबरोबर मिटवला गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला त्याच महिन्यात ती मिर्झापूरमधून लोकसभेवर निवडून गेली.

यानंतरचा काळ भराभर सांगता येतो, कारण वाद तेच राहिले आणि जागा बदलल्या. पुण्यातल्या १९७६-७७च्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणावर १९८६मध्ये मराठी चित्रपट आला होता. अंधार पडल्यावर दाराला कड्या लावणाऱ्या पुणेकरांच्या आठवणीत ते सगळं ताजं होतं, त्यांनी तो वेगळ्याच जिवाने पाहिला. त्याच खुनांवरून सुचलेला ‘पांच’ हा हिंदी चित्रपट मात्र बोर्डाच्या हरकतींत आणि नंतर निर्मितीच्या अडचणींत सापडला. थिएटरात तो आला नाही. ज्यांनी पाहिला त्यांतल्या बहुतेकांनी डाउनलोड करून पाहिला. २०१६मध्ये पंजाबातल्या अमली पदार्थांवरच्या चित्रपटात बोर्डाने सांगितलेल्या कपातींपैकी मुंबई उच्च न्यायालयाने एकच ठेवली. २०२२च्या जानेवारीत गिरणगावच्या पोरांवरचा एक मराठी चित्रपट आला. हिंसा आणि अल्पवयीन मुलांचे लैंगिक प्रसंग यांवरून तक्रारी झाल्या, पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला, आणि हे सगळं सुरू झालं ट्रेलरवरून.

डिसेंबर २०२३मध्ये ‘ॲनिमल’वरून जे झालं ते अनेकांना आठवत असेल. थिएटरात टाळ्या आणि आरोळ्या, आणि राज्यसभेत एका महिला खासदारांनी सांगितलं, की माझी मुलगी चित्रपट अर्ध्यावर सोडून रडत बाहेर आली. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या होत्या. नायकाची मारहाण आणि त्याचं बायकोशी वागणं काहींना रुबाब वाटलं, काहींना आपल्या घरातलं काहीतरी दिसलं. चित्रपटाला ‘अ’ प्रमाणपत्र होतं, कायद्याने जे करायचं ते केलेलं होतं. २०२५च्या सुरुवातीला केरळात तरुणांच्या हातून झालेल्या खुनांची चर्चा चालू असताना ‘मार्को’ या अतिहिंसक मल्याळी चित्रपटाकडे बोट दाखवलं गेलं आणि टीव्हीवर दाखवण्याची परवानगी त्याला नाकारली गेली. चित्रपट आणि गुन्हा यांतला धागा कुणी सिद्ध केलेला नव्हता. लोकांची भीती पुरेशी ठरली.

मधल्या काळात व्यवस्थाच बदलली. १९७०च्या खटल्यात सरकारने कबूल केलेलं अपील न्यायाधिकरण १९८३मध्ये अस्तित्वात आलं होतं. ते एप्रिल २०२१मध्ये वटहुकूमाने बंद झालं. आता बोर्डाचा निर्णय पटला नाही तर थेट उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि प्रदर्शनाची तारीख तोंडावर असताना छोट्या निर्मात्याला ते झेपत नाही. तो मुकाट्याने कापतो. २०२३च्या दुरुस्तीने पालकांसोबत पाहण्याच्या ‘यूए’ वर्गाचे सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे केले. ‘अ’ असेल तर अठराखालच्या मुलाला दारावर अडवणं थिएटरला बंधनकारक असतं. ‘यूए’मधला वयाचा आकडा मात्र पालकांना दिलेला सल्ला आहे; सोळाचा शिक्का असला तरी सहा वर्षांचं मूल आईबापांसोबत आत जाऊ शकतं, आणि जातं. ओटीटीसाठी फेब्रुवारी २०२१पासून वेगळे नियम आहेत. तिथे वयोगट कंपनीच ठरवते, बोर्डाचा संबंध नाही, आणि थिएटरात कापलेली दृश्यं ओटीटीवर परत येऊ शकतात.